गडूवरचं नाव

धान पिवळं पडलं की माझा स्वभाव बिघडतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी उरकते, भंडाऱ्याच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापणीची यंत्रं घरघरायला लागतात, ओल्या तनशीचा, भाताच्या पेंढ्याचा वास गच्चीपर्यंत येतो आणि मी उगाच कुणावर तरी खेकसते. मग माळ्यावरून एक पितळी गडू काढते, चिंच भिजवते आणि घासत बसते. घासण्यासारखं त्याच्यावर काही नसतं. वर्षभर तो फडक्यात गुंडाळलेलाच असतो. तरी घासते.

परवा अशीच बसले होते. नात बाजूला, कानात ती बोंडं घालून, डोळे मोठे करून काहीतरी ऐकत होती. काय गं एवढं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजी, सिरियल किलरची स्टोरी आहे. काय मस्त सांगतात, ऐक ना!" आणि एक बोंड माझ्या कानात घालायला आली. मी तिचा हात असा झटकला की चिंचेचं पाणी तिच्या ड्रेसवर उडालं. पोरगी रडवेली झाली. मला माझीच लाज वाटली. कारण 'मस्त' म्हणून ऐकणाऱ्यांत एके काळी मीही होते. चांगली पुढे सरकून बसणारी होते.

ऐंशीच्या दशकातला तो हंगाम. मी तेव्हा भंडाऱ्याला शिक्षिकेचा कोर्स करत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. आमचं गाव अड्याळपासून दीड कोसावर. वडील गावच्याच शाळेत गुरुजी. घरातसुद्धा आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. नागपूरचा पेपर एसटीनं एक दिवस शिळा होऊन यायचा आणि शाळा सुटल्यावर गुरुजी तो आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. एरवी चार म्हातारे असायचे ऐकायला. त्या वर्षी ओटा पुरेना.

कारण मुंबईत कोणीतरी फुटपाथावर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात दगड घालत सुटला होता. एकाच्या, मग दुसऱ्याच्या, मग आणखी एकाच्या. चोरी नाही, भांडण नाही, ओळखपाळख नाही. मरणाऱ्याजवळ चोरण्यासारखं काही असतं तर तो फुटपाथावर झोपलाच कशाला असता? सारी मुंबई भेदरली होती म्हणे. मेलेल्यांपैकी कित्येकांची नावंही कळत नव्हती. पेपरात 'अनोळखी इसम' एवढंच यायचं आणि गुरुजी ते दोन शब्द आवाज खाली आणून असे वाचायचे की आमच्या अंगावर काटा यायचा. खरं सांगू? फार बरं वाटायचं तो काटा आला की.

"आज कोन गेला, गुरुजी?" लोक बैल बांधता बांधता विचारत.

"आनखी एक."

"बापा बापा! अन् तो सापडून नाही राहिला?"

"मुंबई आहे ते. अड्याळचा बाजार आहे का, का चोराले मागून पकडला?"

फुटपाथ म्हणजे काय, हेही अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. गुरुजींनी समजावलं, रस्त्याच्या कडेचा ओटा समजा. यावर एक म्हातारा म्हणाला, "मंग तं बेस आहे. हवा लागते." सगळे हसले होते. मीही हसले होते.

सिंधू हसली नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. सिंधू म्हणजे माझी बालमैत्रीण. एकाच पाटीवर आम्ही दोघी अक्षरं गिरवलेल्या. तिचं लग्न गावातल्याच रतनशी झालं होतं, म्हणून आमच्यापासून तिसऱ्या घरात नांदत होती. आमच्याकडून लोक कामाला जात ते नागपूरला, फार तर भिलाईला. रतन मात्र रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर तुमसर रोडला गाडीत बसला तो थेट मुंबई. कापणीले येतो, असं सांगून गेला होता. त्याचं एक कार्ड आलं होतं. सिंधू सातवी पास, तिनं स्वतःच वाचलं आणि मला दाखवलं. "इकडं काम आहे. झोपाची सोय झाली. जागा हवेशीर आहे." एवढंच.

हवेशीर. मी शिकलेली, दोन वर्षं भंडाऱ्यात राहिलेली, आणि माझ्या डोक्यात काही म्हणून काही आलं नाही.

आता गडूचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुरुजींची एक रीत होती. त्यांच्या हाताखाली शिकून सातवी पास झालेल्या मुलीचं लग्न ठरलं की ते तिला पितळी गडू द्यायचे. मुलगी कोणाचीही असो, आमच्या बौद्धांच्या घरची की कुणब्याची की तेल्याची. भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानातून एक डझन गडू त्यांनी एकदमच आणून ठेवले होते आणि बाराच्या बारांवर एकदमच नाव टाकून घेतलं होतं: श्री. सुखदेव सोमा रामटेके गुरुजी. खाली गाव आणि तालुका पवनी. नाव टाकणाऱ्या म्हाताऱ्यानं छोट्या हातोडीनं ठिपका ठिपका जोडत अक्षरं काढली होती. आई चिडायची. "पोरीच्या लग्नाचं भांडं, अन् पोरीचं नावच नाही? आहेर देऊन राहिले का आपली पाटी लावून राहिले?" गुरुजी म्हणायचे, कोणाचं लग्न कधी ठरेल हे मला आधीच कसं कळेल? नाव माझंच टाकावं लागेल.

पण खरं कारण ते नव्हतं, आणि आईलाही ते माहीत होतं. गुरुजींच्या बापाला गावच्या विहिरीत गडू बुडवायची मुभा नव्हती. वरून कोणी ओतलं तर ओंजळीत प्यायचं. त्या सोमाचा मुलगा शिकला, मास्तर झाला, आणि त्याला आपलं नाव पाण्याच्याच भांड्यावर हवं होतं. घरोघरी हवं होतं. याला कोणी मिरवणं म्हणत असेल तर खुशाल म्हणा. मी नाही म्हणणार.

त्या वर्षीपर्यंत बारांतले नऊ गडू दिले गेले होते. एक सिंधूला.

हवालदार आला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. गुरुजी न्हाणीतून येऊन केस पुसत होते, मी अंगणात शेण टाकत होते. सायकल कुडाला टेकवून हवालदारानं टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच आईचा चेहरा उतरला. तो खिशातला कागद उघडत म्हणाला, "सुखदेव रामटेके गुरुजींचं घर हेच का? घरात वडीलधारं कोन आहे? वाईट बातमी आहे. मुंबईहून वायरलेस आला आहे. गुरुजी गेले."

"कुठं गेले?" आईनं विचारलं.

"वारले बाई. तो दगडवाला आहे ना, त्यानं..."

गुरुजी टॉवेल खांद्यावर टाकून पुढे आले. "मीच रामटेके," ते म्हणाले. "बसा."

मी हसले. हो, हसू आलं मला! हवालदारही कसनुसा हसला आणि त्यानं तो कागद पुन्हा वाचला. फुटपाथावर एक पुरुष, डोक्यात दगड. अंगावर ओळख पटण्यासारखं काही नाही. उशाशी पितळी गडू. गडूवर नाव, गाव, तालुका. नातेवाइकांना कळवावे.

गडू शब्द ऐकला आणि गुरुजींनी तो कागद हवालदाराच्या हातून ओढून घेतला. माझ्या हातातलं शेण तसंच हातात राहिलं. नऊ घरांत नऊ गडू, सगळ्यांवर एकच नाव, आणि त्यातल्या एका घरचा माणूस मुंबईच्या रस्त्यावर मरून पडला होता. कोणाचा, हे त्या गडूवर लिहिलेलं नव्हतं.

पेपरातलं ते 'आणखी एक' आमच्या नावाचं होऊन दारात आलं होतं. त्या क्षणाचा धक्का मला अजून नीट सांगता येत नाही. इतके दिवस तो मारेकरी आमच्यासाठी गोष्टीतला होता. तीनशे कोसांवरच्या राक्षसाची भीती काय, चवीचवीनं खाता येते. आता त्याचा हात आमच्या माळ्यावर उरलेल्या गडूंपर्यंत पोचला होता.

हवालदाराजवळ गुरुजींनी उलट निरोप लिहून दिला: मी जिवंत आहे, मृताचे वर्णन कळवावे. आणि मग आम्ही दोघं बापलेक गडू मोजायला निघालो. सायकलनं, एसटीनं, कुठे पायी. धान कापायला आलेलं, सगळीकडे बायकांच्या रांगा वाकलेल्या, आणि आम्ही घराघरात जाऊन म्हणायचो, "नाव टाकणाऱ्यानं काही गडूंवर चूक केली होती, बाई. एकदा पाहू दे." दुसरं काय सांगणार? दिलेली भेट परत बघायला येणारा मास्तर लोकांना विचित्रच वाटत होता. पण पोरी धावत आत जायच्या आणि गडू आणायच्या. एकीच्या गडूत दही लावलेलं होतं. एकीनं देवळीत ठेवला होता, रोज पुसायची. प्रत्येक गडू दिसला की मला आनंद व्हायचा आणि लगेच मी बोटांवर मोजायचे, कारण उरलेल्यांतून एक कमी झालेला असायचा.

पवनीकडच्या एका मोठ्या घरात गडू यायला फार वेळ लागला. शेवटी तो गोठ्यामागून आला. काठ चेपलेला, शेणाचे हात लागलेले. तो कशासाठी वापरत होते ते सांगायची गरज नाही. मुलगी, आता दोन लेकरांची आई, मान वर करेना. गुरुजींनी त्याच्यावरचं आपलं नाव अंगठ्यानं पुसून वाचलं, म्हणाले, "बरोबर आहे. चूक नाही." आणि तिच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पडले. वाटेत मी त्या घराला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या!

आठवा गडू तुमसरला सापडला, तांदळाच्या गिरणीत मुनीम असलेल्याच्या घरी. तिथल्या पोरीनं आम्हाला त्याच गडूतून पाणी दिलं. पाणी पिऊन आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तुमसरपर्यंत गेलो होतो, आणि आमच्या घरापासून तिसरं घर तेवढं राहिलं होतं. सगळ्यात जवळचं घर आम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. दोघांनीही ठरवून नाही, पण ठेवलं होतं.

सिंधू अंगणात इळ्याला धार लावत होती. गुरुजींनी विचारलं तर सहज म्हणाली, "गडू? तो तं त्यायनं नेला मुंबईले. मीच देल्ला. म्हटलं, परमुलखात पानी प्याले आपलं भांडं पाहिजे." आणि हसून म्हणाली, "काहून गुरुजी, वापस पाहिजे का?"

"नाही, बेटा," गुरुजी म्हणाले. "बरं, बरं."

तिचं कपाळ कुंकवानं भरलेलं, मनगटात हिरव्या बांगड्या, डझनभर तरी. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

घरी आलो तर मुंबईचा दुसरा निरोप आलेला होता. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नाही. अंत्यविधी उरकला. वर्णन म्हणाल तर एवढंच. आई तोंडात पदर कोंबून रडली. गुरुजी म्हणाले, "कोनी काही सांगू नका. खात्री नाही." खात्री नाही, हे शब्द आम्ही तिघांनी चार दिवस दातांखाली धरले. दुसऱ्या दिवसापासून मी सिंधूच्या बांधीत कापणीला गेले. गुरुजींनीच पाठवलं, पोरगी एकटी आहे म्हणून. ती माझ्यापुढे सपासप कापत जायची आणि रतन आल्यावर काय काय करायचं ते सांगायची. भाऱ्यांचं पुंजणं तोच रचेल, चुरणा तोच करेल. मळणीला आम्ही चुरणा म्हणतो. त्याला बैल कसे ऐकतात म्हणे. माझा हात दोनदा कापला. तिनंच मातीचा लेप लावून दिला.

पाचव्या दिवशी जेवायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो होतो. तिची सासू पलीकडे भारे बांधत होती. सिंधूनं भाकर मोडली आणि तशीच ठेवली.

"गुरुजी गडू पाहाले काहून आले होते व, विमल?"

"नाव तपासाले."

"तुमसरपर्यंत नाव तपासाले गेले? खोटं बोलतानी तुही मान वाकडी होते, लहानपणापासून. सांग."

मी सांगितलं. गुरुजींचा शब्द मोडून सगळं सांगितलं. खात्री नाही हेही सांगितलं, पण ते कोण ऐकतं? तिनं फक्त विचारलं, "फुटपाथावर? तो तं म्हने, जागा हवेशीर आहे." मग उठली, अर्धी राहिलेली ओळ कापून संपवली, इळा कमरेला खोचला, आणि मग खाली बसली.

सासूला कळलं तेव्हा तिनं टाहो फोडला. बाकीच्या बाया धावल्या. आणि मग म्हातारीनं धुऱ्यावरचा एक दगड उचलला. बौद्ध होऊन तीस वर्षं होत आली होती, जुन्या रीती सोडल्या असं आम्ही अभिमानानं सांगत होतो, पण म्हातारीच्या हातांना तेच ठाऊक होतं. तिनं सुनेचे दोन्ही हात धुऱ्यावर धरले आणि दगडानं बांगड्या फोडल्या. काचा उडून कापलेल्या धानात पडल्या. मुंबईतला तो कोण होता मला ठाऊक नाही, पण दगड मी त्या दिवशी पाहिला. आणि तो तिथवर माझ्याच जिभेनं आला होता.

गुरुजी मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी, खळ्यावर चुरणा चालू होता. रतन नव्हता म्हणून गावातले बैल आले होते, गावातलीच माणसं. सिंधू सुपानं धान उडवत होती, भुंडे हात वर करून. अड्याळकडून एसटी आली, थांबली, गेली. धुळीतून एक माणूस डोक्यावर वळकटी घेऊन खळ्याकडे आला. बैल हाकणाऱ्याच्या हातातली काठी खाली पडली.

रतननं वळकटी उतरवली. घाम पुसत सगळ्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग तिच्या हातांकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कोन मेलं?" त्यानं विचारलं.

त्याची आई म्हणाली, "तूच रे, बापा."

मग जे झालं ते काय सांगू! म्हातारीनं त्याला चाचपून पाहिलं, पाय उलटे नाहीत ना तेही पाहिलं, खरंच सांगते. सिंधूनं सूप टाकलं, त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं, "काहून नाही आला लवकर, काहून नाही आला!" तो बिचारा सांगत होता, रिकाम्या हातानं कसा येऊ, म्हणून नागपूरला उतरून पंधरावीस दिवस विटा वाहिल्या. वळकटीतून एक लुगडं निघालं, हिरवं. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी धावत घरी गेले, गुरुजींना हाताला धरून आणलं. गुरुजींनी सगळ्या खळ्याला गूळ वाटला. आयुष्यात इतका गोड गूळ मी खाल्ला नाही.

तोंडात गूळ असतानाच मी विचारलं. मला चैन कुठे पडते! "मंग गडू कुठं आहे, रतनभाऊ?"

"गडू?" तो ओशाळला, सिंधूकडे पाहून म्हणाला, "देऊन आलो. रागावू नको. बाजूले एक बुढा झोपे. ताप होता त्याले, डब्यातून पानी पिऊन राहिला होता, तोंड कापे डब्याच्या काठानं. मी तं गावी येऊनच राहिलो होतो. म्हटलं, ठेव."

गुरुजींनी हातातला गूळ खाली ठेवला. बैल उभे होते.

गुरुजींनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"मालूम नाही. त्याची बोली मले समजे ना, माही त्याले. दोन महिने बाजूले झोपलो, बाबा म्हनो मी. एवढंच समजे, त्याच्या मुलखातही धानच आहे. मी असा हात करो, कापल्यावानी..." रतननं मूठ वळवून इळा चालवल्यासारखं केलं. "तो हासे. तोही तसाच करे. त्यालेही कापनीले घरी जायचं होतं. ताप उतरला का निघतो, असं खुणेनंच म्हने." मग त्यानं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काहून? काय झालं त्याले?"

आम्ही नाचलो होतो. आम्ही गूळ वाटला होता, तो मेला म्हणून. हा नव्हता, म्हणजे तो होता, आणि हे गुळाचा खडा उचलताना आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. मला माणूस म्हणून स्वतःची इतकी शिसारी कधी आली नाही.

मुंबईच्या कागदांवर गुरुजींचं नाव खोडून तिथे 'अनोळखी इसम' असं लिहिलं गेलं, हे नंतर हवालदारानंच सांगितलं. चूक दुरुस्त झाली म्हणून तो खूश होता. गुरुजी म्हणाले, "माह्या नावानं तरी होता तो पंधरा दिवस." त्या दिवसापासून आमच्या ओट्यावरचं पेपरवाचन बंद झालं. तो दगडवाला म्हणे सापडला नाही. लोक पुष्कळ दिवस विचारत राहिले. गुरुजी म्हणत, मी वाचत नाही.

गडू दोन महिन्यांनी आला. मयताची वस्तू म्हणून आला आणि मयत म्हणून ज्याचं नाव लागलं होतं त्याच माणसानं सही करून तो घेतला. मला वाटलं होतं, त्याला काहीतरी झालेलं असेल. साधा पोचाही नव्हता. कोणीतरी घासून पाठवला असावा, इतका लख्ख होता. सिंधूनं हात लावला नाही. "त्याचा आहे तो," म्हणाली.

मग गुरुजी तो घेऊन भंडाऱ्याला आले, माझ्या होस्टेलवर, आणि आम्ही दोघं त्या नाव टाकणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. दुकानाच्या पायरीवरच बसायचा तो, पायाच्या अंगठ्यांत भांडं धरून. गुरुजी म्हणाले, "हे नाव काढा."

म्हाताऱ्याला वाईट वाटलं. "चांगलं तं आहे, गुरुजी. माह्याच हातचं आहे." पण त्यानं कानस घेतली. बराच वेळ घासलं. सुखदेव गेलं, सोमा गेलं, रामटेके गेलं, गाव गेलं, तालुका गेला. पितळेचा पिवळा भुगा त्याच्या धोतरावर पडला. मग फुंकर मारून त्यानं छिन्नी टेकवली, हातोडी उचलली आणि मान वर न करता म्हणाला, "बोला. काय नाव टाकू?"

साऱ्या गावाला ज्यांनी स्वतःचं नाव लिहायला शिकवलं, ते माझे वडील त्या पायरीसमोर उभे राहिले आणि त्यांच्याजवळ एक अक्षर नव्हतं. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. "राहू द्या," गुरुजी म्हणाले. आम्ही गडू घेऊन निघालो. उरलेल्या तीन गडूंवरचंही नाव त्यांनी पुढे काढून घेतलं. त्यातला एक माझ्या लग्नात मला मिळाला. त्याच्यावर फक्त माझं नाव आहे, त्यांचं नाही.

मी घासत बसते तो मात्र हा नव्हे, तो मुंबईहून परत आलेला. गुरुजी गेल्यावर माझ्याकडे आला. अंगठा फिरवला की पोटाजवळ एक जागा लागते, इतर पितळेहून गुळगुळीत आणि जराशी खोल. नातीला मी तिथे बोट लावायला दिलं आणि हे सगळं सांगितलं. तिनं फोन बाजूला ठेवला होता. शेवटी म्हणाली, "आजी, सिंधूआजीच्या हातात बांगड्या का नसतात, ते याच्यामुळे?"

हो, याच्यामुळेच. रतन परत आला त्या संक्रांतीला बांगडीवाली आली होती. सासू पाया पडायची बाकी राहिली, नवरा जिता असताना भुंडे हात म्हणजे अपशकुन म्हणून. गावानं बोटं मोडली. रतन तर आजही कुरकुरतो, की मी ढळढळीत जिवंत आहे आणि बायको अशी फिरते. मीच तिला म्हटलं होतं तेव्हा, भर ना व आता, कायले असं करून राहिली?

सिंधू म्हणाली, "फुटल्या त्या माह्या नवऱ्याच्या नावानं नाही फुटल्या, विमल. त्या कोन्या दुसऱ्या बाईच्या होत्या. तिचा मानूस मेला. तिले कोनीच सांगितलं नाही. ते बसली असन भरल्या हातानं, धान कापून झालं तरी रस्त्याकडे पाहत. कोनातरी एकीनं तं हात रिकामे ठेवले पाहिजेन का नाही?"

काल सिंधूचा फोन आला होता. तिच्याकडची कापणी झाली म्हणाली.